वगळलेल्या नोंदी

दोन्ही घोट्यांना पट्टे, एक मनगटाला,
छातीवर रुपयाएवढी चकती,
खुर्चीत चटई, तिला दर वीस मिनिटांनी
माझ्या बुडाची आठवण येते,
गुरगुरते: कलंडा, जरा डावीकडे कलंडा.

एकवीस जणांत मी अकरावा.
कागदावर झुलाल नाही, नुसता अकरा.
बेटावदचा वायरमन, खांबावरून पडला,
हे सगळं एका चौकोनातल्या टिकेत मावलं.

मे महिना. धुळ्यात पंचेचाळीस.
छातीच्या मधोमध एक रेघ आहे, दिसत नाही,
तिच्या वर मी निथळतो
आणि खाली कोरडा ठाक,
पांझरेचं उन्हाळी पात्र.
खालचं कातडं घाम विसरलंय.
आतल्या आत भट्टी पेटते आणि माणसाला पत्ता नसतो,
म्हणून ती चकती.
अडतीसच्या वर गेलं की हिरकणच्या मोबाईलवर शिट्टी;
मग बिबड्यांचं पीठ हाताला तसंच,
ओला पंचा घेऊन गच्चीवरून पळत येते.

चौथ्या महिन्यात नेहते मॅडमनी
स्क्रीन माझ्याकडे वळवली.
पायांची रेघ सपाट, सपाट, सपाट,
आणि रात्री तीन वाजून दहाला दोन शिखरं.
आधी डाव्या पायाचं, मग उजव्या.
रोज.

बंद लाइनीत टेस्टर पेटला
तर वायरमनला आनंद होत नाही,
आधी हात मागे येतो.
कुठून तरी उलटा करंट येतोय,
कुणाच्या तरी घरात इन्व्हर्टर चालू आहे.
त्या दिवशी खांबावर हेच विसरलो होतो.
या वेळीही विसरलो.
डोळ्यांत पाणी आलं, ते रेघेच्या वरचं, चालतंय.
म्हटलं, मॅडम, हे माझेच पाय ना?

पेटके इतके वक्तशीर नसतात, त्या म्हणाल्या.
रात्री कोणी हलवतं का पाय?

हिरकण दाराशी, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत.
"टाच लाल व्हई जास," एवढंच बोलली,
चोरी पकडल्यासारखी.
टाच उचलायची, गुडघा दुमडायचा,
मध्ये जुन्या लुगड्याची उशी.
तीन वर्षं.
मी शेजारीच झोपलेला असतो
आणि तिकडची बातमी माझ्यापर्यंत येत नाही.

ह्या नोंदी वगळाव्या लागतील, मॅडम म्हणाल्या,
रुग्णाची स्वतःची हालचाल नाही ही.
बरोबरच आहे त्यांचं. चूक कशाला म्हणू?
एकशे नऊ रात्री, एका बटणात.
म्हटलं, पुसण्याआधी मला एक कागद काढून द्या.
त्यांनी दिला. रंगीत शाई संपली होती,
करडी शिखरं आली.

त्या रात्री जागा राहिलो.
पंखा गरम हवाच ढवळत होता.
तीनला तिची खाट करकरली,
बांगड्या तिनं आधी कोपराकडे सरकवल्या,
वाजू नयेत म्हणून, हेही तेव्हाच कळलं.
मग तिनं डावा पाय उचलला असावा.
असावा. अंधारात
घोट्यावरचा हिरवा ठिपका वर गेला,
थांबला, खाली आला.

मी घोरण्याचं सोंग केलं,
थोडं जास्तच मोठ्यानं.
ती क्षणभर थबकली.
मग दुसरा ठिपका.