पोर्ट नंबर तीन

तारामुंबरीत चिऱ्याची भिंत दीड हात जाड.
ड्रिल लाल भुकटी ओकत आत जातं
आणि जयवंती तांडेल पडवीतून ओरडते,
"गो, भोक एकच पाड हां.
दोन दिसली तर मामंजी इचारतले."
मामंजी घरात नाहीत. मी विचारत नाही.

एक भोक, एक वायर.
तिच्यातूनच टीव्ही, तिच्यातूनच इंटरनेट,
मागच्या दोन खोल्यांतल्या पाहुण्यांचं
पुण्याच्या ऑफिसशी बोलणंही तिच्यातूनच.
दोन्ही टोकांना मी एकेक स्विच बसवते,
आठ पोर्टांचा, डब्याएवढा,
आणि आतून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाला चिठ्ठी बांधते,
तू टीव्हीचं, तू घरचं.
लिलावाला सगळ्यांची मासळी एकाच टेम्पोतून जाते तसं.
टोपलीच्या कानाला चिंधी असते,
हिरवी कुबलांची, पिवळी तांडेलांची,
बर्फ कुणाचाही असो.

तरी चौथ्या दिवशी फोन.
"मॅच लायली काय सगळा अडाकता.
पावणो म्हणता, मीटिंग तुटली,
माका वाटला माझ्याच हातान काय तरी तुटला."

स्कूटरवरून परत.
माळ्यावर, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमागे
जुन्या केबलवाल्याने विसरलेला एक स्विच सापडला,
पोर्टांत मुंग्यांची अंडी, पिनांवर खाऱ्या हवेचा हिरवा गंज,
आणि तो बहिरा.
कोणी काय मागितलं ते त्याला ऐकूच येत नाही,
म्हणून आलेली अख्खी मॅच
तो प्रत्येक दारात ओतत बसतो,
स्वयंपाकघरात, पावण्यांकडे, कार्ड घासायच्या मशीनवर.

तो काढला. दुसरा लावला, ऐकणारा.
मेनूत इंग्रजीत या गुणाचं नाव
चोरून ऐकणं अशा अर्थाचं आहे.
आमच्याकडे त्याला शेजार म्हणतात.

मग यादी उघडली, कोण काय मागतंय त्याची.
पोर्ट एक, माजघर, मॅच.
पोर्ट दोन, कोणी नाही.
पोर्ट तीन, हवामानाचं चॅनेल.
पोर्ट तीनची वायर गेली होती
कडी घातलेल्या खोलीत.

कडी तिनेच काढली.
खाटेवर गादी गुंडाळलेली, टीव्ही बंद,
त्याच्यावर भरतकामाचं कापड,
आणि कापडाखाली बॉक्सचा एक हिरवा ठिपका.

दर दोन मिनिटांनी स्विच विचारतो,
अजून कोणी बघतंय का?
आणि रिकाम्या खोलीतून बॉक्स म्हणतो, हो.
वाऱ्याचा वेग, लाटांची उंची,
मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये,
सगळं इथवर येतं
आणि काळ्या काचेमागे थांबतं.

"मामंजी बघीत," ती म्हणाली.
"तीस वर्सां दीपगृहात होते.
आता कुडाळाक, नणंदेकडे. आठवड्यातून दोनदा मशिनीर घेतत.
येतले."
'येतले' म्हणताना तिने कापडाची घडी सरळ केली,
ती आधीच सरळ होती.

एका टिकमार्कचं काम होतं.
चार-पाच मेगाबिट मोकळे झाले असते
आणि नियमाने ते मी करायला हवं होतं.
पण आता स्विच ऐकत होता,
त्या खोलीतलं त्या खोलीतच राहत होतं,
पावण्यांची मीटिंग चालू, मॅच चालू,
कुणाचं कुणाला लागत नव्हतं.
मी उगाच दोन मिनिटं थांबले.
विचारलं गेलं. हो आलं.

"जास्त बिल येतला काय तेचा?"
"नाही. पॅक तोच."

पायरीवर बसून जॉबशीट भरली.
जुना स्विच बदलला. वायर तपासली.
पोर्ट ३ चालू ठेवावा.
कारणाचा रकाना बोटभर रुंद.
'ग्राहकाची विनंती' असं लिहिलं,
तिने तशी काही विनंती केली नव्हती.