रकाना सात

सल्माबाद. जुम्म्याची नमाज आटोपल्यावर
गॅरेजच्या शटरआड मंडळाचा लॅपटॉप उघडतो.
भागीदार संस्थेने धाडलेला नवा फॉर्म:
लाल चांदणीचा रकाना भरल्याशिवाय
पुढे सरकत नाही.

टेकबहादुर पाच महिन्यांचा थकलेला पगार
बोटांच्या पेरांवर मोजून सांगतो,
मी टाइप करते.
सात: कायमचा पत्ता.
तो हसतो. "खाट एकोणीस, वरची.
गेल्या आठवड्यापर्यंत."

फॉर्म अडून बसतो.

मुख्य कचेरीला दोनदा कळवलं होतं मी.
उत्तर आलं, सूचनेबद्दल आभार.

शेवटी माझाच पत्ता टाकते.
आता माझ्या दीड खोलीत
कागदोपत्री एकेचाळीस माणसं राहतात,
आणि दाराशी
चपलांचा जोड एकच.