तेर्योचा खण

बाकोलोदमध्ये, साखर कारखान्याच्या रस्त्याला,
तेर्यो चाळीस वर्षं मोटारी रिवाइंड करतोय.
तांब्याचा वास आता बोटांतून जात नाही.

जुनमारनं झिपच्या डबीतला संच आणला:
अकरा हत्यारं, सगळ्यांना इंद्रधनुषी झिलई.
तेर्योनं स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक नखावर घासलं.
"हा पहिल्याच स्क्रूचं तोंड खाणार."
आणि डबी मिटली.

मग स्वतःचा खण ओढला.
तीन मिलिमीटरचं ड्रिलचं बिट, बोथट झालेलं.
"वेटोळं गुंडाळायला हे पुरे."
अगदी बुडाशी कापणारा कटर. "तारेचं कुसळ राहिलं
तर ते कडेला टेकतं. पुढचं तुला कळेलच."
चिमटा सिरॅमिकचा. लोखंडी नको,
लाल वेटोळं दाबायला गेलं की वीज त्यातूनच पळते.
कापसाला कात्री, बायकोच्या सलूनमधली,
न विचारता आणलेली.

"मग पैसे कशावर घालू?" पोरगा म्हणाला.
तेर्योनं बाही वर सारली. मनगटावर पांढरा डाग.
एकोणनव्वद साल, चरकाची मोटर,
घाईत मोजायचं राहिलं होतं.
"मीटरवर."

सात वेढे. दोन स्क्रू.
आकडा थरथरला: शून्य पॉइंट चार, पाच,
परत चार.
जुनमारचा अंगठा बटणावर गेलाच होता.
"थांब."
डावा स्क्रू अजून पाव वेढा.
बाहेरून उसाचा ट्रक गेला, टेबल हाललं,
आकडा हालला नाही.

तेर्यो स्वतः ओढत नाही. त्याला तो गोड धूर
आंब्याचा वाटत नाही, वार्निशचा वाटतो.
तरी पहिल्या झुरक्याला
तो पोराच्या तोंडाकडे नाही,
तारेकडे वाकून बघत होता.