राय

गुरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं
बाटल्यांची बुचं काढण्यात गेली माझी.
टर्पेंटाइन, फिनाइल, जवसाचं तेल
डोळे झाकून ओळखायचो.
सगळा देह रिटायर झाला,
नाक तेवढं अजून ड्यूटीवर आहे.

महिन्याच्या वहीत शेवटची ओळ असते:
किरकोळ, सातशे.
द्वारकानं कधी विचारलं नाही,
मी कधी फोड करून लिहिली नाही.

सातशेत काय काय येतं, बापा!
परतवाड्याच्या दुकानातली निम्मी फळी
मी क्वार्टर क्वार्टरनं तपासली आहे.
तळहातावर दोन थेंब घ्यायचे, चोळायचे, थांबायचं.
आधी स्पिरिट उडून जातं,
मग जे उरतं ते खरं बोलतं.
एक निघाली नुसती जळकी साखर.
एकीला लग्नातल्या आइस्क्रीमचा वास.
एकीच्या खोक्यावर सोनेरी हरीण,
आत मळीच्या दारूला फासलेला रंग.
त्या हरणाचेच दोनशे रुपये लावतात लेकाचे.

रायचं सांगितलं गुणवंत धांडेनं.
तो जहाजावर भटारी होता,
कुठल्या तरी थंड बंदरात कुणी पाजली त्याला.
"गव्हासारखंच धान्य असते," म्हणाला,
"पण स्वभावानं तिखट. लाडात येत नाई."

मी जयस्वालच्या पोराला विचारलं, राय आहे का?
मोबाइलमधून मान न काढता तो म्हणाला,
"काकाजी, राई किराण्यात भेटते."
मागचे दोघं खिदळले.
मीही हसलो, पण जरा कमी,
कारण खिशात द्वारकाची चिठ्ठी होती:
लोणच्याले पावशेर राई. इसरू नका.

तीन महिन्यांनी सापडली.
सगळ्यात खालच्या फळीवर, सोड्याच्या क्रेटमागे,
लेबल उन्हानं पांढरं पडलेलं,
खोकं नाही, हरीण नाही,
मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात: राय.
"हे कोनी नेत नाई," पोरगा म्हणाला.
छापील किंमत जुनी होती, सहाशे चाळीस.
जुनीच देईन म्हटलं.
तो कुरकुरला, पण धूळ त्यानंच पुसली.

रात्री अंगणात पाणी शिंपडून खाट टाकली.
गुणवंत आला, स्टीलचे दोन पेले,
माठातलं पाणी, भाजलेले शेंगदाणे.
पहिला घोट घेतला आणि मी बोलायला तोंड उघडलं,
तर गुणवंत म्हणे, "चूप राय."
आपल्या बोलीत राय म्हणजे राहा,
हे मला तेव्हाच सुचलं.
राहिलो.
जिभेच्या कडेला मिरं लागलं,
मग तव्यावर करपलेला भाकरीचा पापुद्रा,
आणि फार उशिरा, घशाच्या तळाशी,
काहीतरी ओळखीचं, ज्याचं नाव सापडेना.
एकतीस वर्षं बाटल्या हुंगलेलं नाक,
आणि नाव सापडेना!

गुणवंतनं बडीशेप म्हणून पाहिलं.
मी ओवा म्हटलं. दोन्ही खोटं.
तो गेला, पेले तसेच खाटेखाली.

सकाळी मोरीतून आवाज:
"राई आनली नाई नं?"
मी काय बोलू.
भांडी घासता घासता द्वारकानं माझा पेला उचलला,
नाकाशी नेला, डोळे बारीक केले.
"सुंठ," म्हणाली. "जुनी. डब्याच्या तळाशी असते ना, तशी."
मग राख घेऊन पेला घासू लागली.

"केवढ्याची?"
मी खरं सांगितलं.
ती थोडा वेळ घासतच राहिली.
"मंग महाग नाई पडली," म्हणाली,
"साठ उरले ना? जा,
आता त्याची राई घेऊन या."