शेरा

परवाना विभागाच्या दप्तरात एक ओळ सापडली,
१९६८, शाई गंजत आलेली:
'शिकलगार. मुलामा काम. दोन हौद, एक मोटार.'
हौदात काय, ते लिहिलेलं नाही.
तेव्हा विचारायची पद्धत नव्हती.

आता उद्यमनगरातल्या त्या बोळात बाग करायचीय.
घसरगुंडी आधीच येऊन पडलीय, प्लास्टिकात गुंडाळलेली,
उद्घाटनाच्या पाटीवर फक्त तारीख कोरायची राहिलीय,
आणि मी, महापालिकेची कनिष्ठ अभियंता,
फक्कीनं जमिनीवर चौकोन आखतेय.
लांबून बघणाऱ्याला वाटावं
बाई जिबल्या खेळणार.

पिराजी गिरमिट फिरवतो.
पहिला फूट: मुरूम, बाटलीचं झाकण, चपलेचा अंगठा.
दुसरा फूट: काळी माती, ओळखीची.
तिसऱ्याला तो थांबतो.
'मॅडम, ही हळद न्हवं.'
हात लावू नको, म्हणेपर्यंत
त्यानं चिमटीत धरून नाकाशी नेलेली असते.

याच गावात तालमीच्या मातीला
ताक पाजतात, तेल मुरवतात, लिंबू पिळतात, खरीखुरी हळद घालतात,
आजारी माणसाला जपावं तशी वरखाली करतात.
ही पण मातीच.

इलाही चाचा काठी टेकत आले, कुणी बोलावलं नव्हतं.
'हौद हितं न्हवता. तिकडं, जास्वंदीच्या बुडाला.
आन् मोरी हितनं आडाकडं जायाची.'
आड? नकाशात आड नाही.
'नकाशा काढायच्या आदी बुजवला की.'
आमचे सगळे चौकोन अकरा फुटांनी चुकले होते.
परत फक्की, परत गिरमिट.

बोलताना त्यांचा श्वास बारीक शीळ घालतो.
नाकातल्या पडद्याला भोक पडलंय,
क्रोमच्या वाफेनं, पस्तिशीतच.
'दुखलं न्हाई कदी. वास तेवढा गेला.
पर सायकलीचं हँडल आसं करायचो,
पोरं त्यात भांग पाडायची.
वरातीच्या बत्त्या, राजदूतचे सायलेन्सर, मळीच्या कारखान्याचे नळ,
निम्मं गाव माझ्या हातनं चकाकलंय.
लिवा माझं नाव. लिवा की.'
मी लिहून घेतलं. 'माहिती देणार' या रकान्यात.
दुसरा रकानाही होता. तो कोराच ठेवला.

प्रयोगशाळेचा अहवाल सव्वीस दिवसांनी.
मर्यादेच्या नऊपट, जास्वंदीपाशी चाळीसपट.
फुलं मात्र रोज येत होती, शेजारच्या काकू देवाला नेत होत्या.

बैठकीत चहा दोनदा आला.
उकरून न्यायची? न्यायची कुठं? तिथं कोण राहतं?
पाण्यानं धुऊन काढायची? पाणी कुठं सोडायचं?
तसंच ठेवून कुंपण? एक आवाज म्हणाला,
एवढी वर्षं काही झालं नाही ना?
माझ्या डोळ्यांसमोर ती शीळ घालणारी नाकपुडी.
शेवटी ठरलं: जाड कापड, दोन फूट चिकणमाती, वर फरसबंदी,
झाडं कुंडीत,
आसपासच्या सात बोअरचं पाणी दर तीन महिन्यांनी.
सात बोअरवाल्यांना नोटिसा.
त्यातला एक भांडायला आला:
'प्लॉटचा भाव पाडला तुम्ही.'
त्याला खुर्ची दिली. उत्तर नव्हतं.

मिळकत पत्रिकेवर 'इतर शेरे' म्हणून जागा असते,
बोटभर रुंद.
गहाण, बोजा, वाटणीचा वाद, सगळे तिथंच दाटीवाटीनं बसतात.
तिथं मावेल असं लिहायचं होतं.
तीन मसुदे परत आले.
'विषारी' खोडलं, लोक घाबरतील.
'बाधित' खोडलं, भरपाई मागतील.
शेवटी छापलं गेलं:
'तीन फुटांखाली खोदू नये.'
का, ते लिहिलेलं नाही.

संध्याकाळी मी घरी, मोरीपाशी उभी.
बुटांच्या तळाला पिवळसर काहीतरी चिकटलंय.
मोरी गटाराला, गटार जयंती नाल्याला,
पुढं पंचगंगा.
नमुने कसे सील करायचे याचं परिपत्रक पाठ आहे मला.
बूट कुठं धुवायचे, ते त्यात नाही.
पिराजीला फोन लावला, हात धुतलास का विचारायला.
म्हणाला, 'तवाच की मॅडम.
तिथल्याच नळावर.'