फुलपात्रात दोन बोटं

गायधनी मास्तरांकडे शिट्टी नव्हती.
फुलपात्रं होती, पितळी, बुडाशी चेपलेली.
प्रत्येकात दोन बोटं पाणी. बोटं त्यांची, जाड.
"तोंडात धरा. गिळायचं नाही.
नवलखीला दोन फेऱ्या मारून
परत यातच ओतायचं."

फुलपात्रं नऊ, मुली नऊ.
नाकी नऊ हे आमच्यावरूनच पडलं असणार,
अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती.

पहिल्या वळणावर छातीचा भाता,
दुसऱ्यावर कानात ढोल,
आणि ओठ उघडायची सोय नाही.
नाक ते केवढंसं. दोन भोकं,
त्यातलं एक सर्दीनं बाराही महिने बंद.
जेवढी हवा तेवढाच वेग,
हे फळ्यावर कुणी लिहून दिलं नाही.
पाय आपले आपण मंद व्हायचे
आणि मग, गंमत अशी, थांबायचेच नाहीत.

माझं पाणी मात्र नेहमी कमी भरायचं.
"अर्धं बोट कुठं गेलं गं, हेमलते?"
मी गिळलं नव्हतं, आईशप्पथ.
पण शपथ घ्यायला तोंड रिकामं झालं
तेव्हा पुरावाही फुलपात्रात गेलेला.

एक्केचाळीस वर्षं झाली.
आता मनगटावर घड्याळ आहे, ठोके मोजणारं.
गेल्या सोमवारी कमाटीबागेत
तोंड उघडं टाकून धावले. एकशे चौसष्ट.
बाकावर कोसळले, तर शेजारच्या हंसाबेननी
नवऱ्याचा स्टेंट, सुनेची नोकरी, मेथीचा भाव
सगळं एका दमात संपवलं.
दम त्यांचा. माझ्याकडे कुठला?

आज घरूनच पाणी धरून निघाले.
हंसाबेन म्हणाल्या, "केम छो?"
मी मान हलवली.
"रिसाया छो?"
पुन्हा हलवली. उभी की आडवी, आठवत नाही.
एकशे सव्वीस.
वेगाचं विचारू नका.
काठी टेकत एक आजोबा मला ओलांडून गेले,
वर "चालू द्या" असंही म्हणाले.

पुलावर थांबले.
खाली विश्वामित्री, चहाच्या रंगाची.
काठावर एक मगर जबडा वासून उन्हात पडलेली,
जणू वाक्य अर्ध्यात विसरली.
आणि मधोमध, खूप वेळ पाहिल्यावर दिसले
दोन बारके उंचवटे.
दुसरीचं नाक.
बाकीची सगळी ती पाण्याखाली,
कुणालाही काहीही सांगायला बांधील नसलेली.
एकशे चार. अठ्ठ्याण्णव. एक्याण्णव.
तिचे किती पडत असतील?

घरी येऊन वाटीत ओतलं.
कोमट झालेलं, माझ्याइतकंच.
मास्तर, कमीच भरलं. अजूनही.
तुमच्या बोटांनी दीड.
माझ्या बोटांनी मोजलं तर दोनाला थोडं वरच.

शपथ घ्यायला तोंड रिकामं होतं.
घेतली नाही.
मिटलं, आणि तशीच
चपला काढायला बसले.