विश्रांतीची मुदत

पाकीट आलं तेव्हा आई लसूण सोलत होती.
करड्या कागदावर श्टुटगार्टच्या पालिकेचा शिक्का,
आत दीड पान.
बत्तीस वर्षं मी जर्मन शिकवतेय,
तरी एका शब्दापाशी अडले: रूहेत्साइट.
विश्रांतिकाळ. मेलेल्या माणसाचा,
वीस वर्षं,
एकतीस मार्चला संपणारा.

"काय म्हणतायत?"
म्हटलं, शांतवनमामाची मुदत भरली.
विभाग चौदा, ओळ तीन.
आणखी वीस वर्षं हवी तर अठराशे चाळीस युरो,
नाहीतर दगड काढून गवत पेरतील.

आईनं मनात गुणाकार केला.
"खडकीत जन्मभर एवढं भाडं भरलं नसतं त्यानं."
मग सोलतच राहिली,
भाजीला लागणार त्याच्या चौपट लसूण.

मामाची तिकडची शेजारीण, फ्राऊ एलमेरिष,
फोटो पाठवते.
चढावरची जुनी दफनभूमी, लिंडनची झाडं,
दोनशे वर्षांपूर्वीचा घंटा ओतणारा,
संगमरवरी दाढीसकट एक प्राध्यापक,
एक बाई, जिचं फक्त आडनाव शेवाळातून वर आलंय,
आणि त्यांच्या शेजारी आमचा
दारूगोळा कारखान्यातला टूलमेकर,
बासष्ट साली एक ट्रंक घेऊन गेलेला.
घंटावाल्याला मुदत नाही. तो वारसा आहे.
मामाला नुसते वारस.

पाथरवटानं नाव ऐकलं तसं कोरलंय,
सुरुवातीला एक अक्षर जास्तीचं.
त्यावर आता पिवळा स्टिकर:
कृपया कार्यालयाशी संपर्क साधावा.
"कुणी?" आई विचारते. "त्यानं?"

वर्गात मी दरवर्षी सांगते:
फ्रीडहोफ म्हणजे शांततेचं आवार
असं वाटतं, पण तसं नाही.
मुळात तो शब्द कुंपणाचा.
राखलेली जागा, एवढंच.
मुलं लिहून घेतात, परीक्षेत शांतताच लिहितात.
मी मार्क कापत नाही.

आई उठून कॅलेंडरकडे गेली.
चष्मा कपाळावर, बोट मार्चच्या शेवटच्या चौकोनावर.
"अगं, त्या दिवशी ईस्टर आहे."
मग, माझ्याकडे न बघता,
"उठवायला दिवस बरा काढला त्यांनी."

आदल्या शनिवारी दरवर्षीसारख्या गेलो,
चुन्याची बादली, दोन ब्रश, रिक्षा शंभर रुपये.
गोळीबार मैदानामागच्या त्या जुन्या कबरस्तानात
गोऱ्या कॅप्टनांची बाळं ओळीनं झोपलेली,
कॉलरा, कॉलरा, ताप, कॉलरा,
त्यांच्या दगडी पऱ्यांच्या पंखांवर
लोंढेंच्या शेळ्या अंग घासतात.
आमचं थडगं भिंतीकडेला.
खाली आजोबा, मध्ये आजी,
वर रत्नामावशी.
लोंढे चौदा वर्षांनी उघडून देतात, घर एकच असलं तर.
मुदतीचं सांगितलं तर हसले:
"इथं कोण कुणाला उठवतंय बाई,
सरकून घ्या म्हणतो फक्त."

आईनं चुना दिला.
मग पदराला हात पुसून त्यांना म्हणाली,
एक नाव घालायचंय. शांतवन येशुदास उजगरे.
"मयत कधी येणार?"
"येणार नाही. नावच."
लोंढेंनी डोकं खाजवलं.
नावाला खड्डा लागत नाही,
म्हणजे पावती कशाची फाडायची?
शेवटी रजिस्टरात 'रंगकाम' लिहिलं.

रत्नामावशीच्या नावाखाली
आईनं चार बोटं जागा मोजली,
ती सोडली,
आणि तिच्याखाली खडूनं रेघ मारली: "इथं."
मधली जागा कुणाची ते लोंढेंनी विचारलं नाही.
मीही नाही.

रात्री उत्तर लिहायला बसले.
लांब वाक्यात त्यांचंही क्रियापद
आपल्यासारखंच शेवटी येतं,
तोवर काहीच ठरलेलं नसतं.
आम्ही, खाली सही करणारे,
विभाग चौदा, ओळ तीन येथील जागा
यापुढे

आई मागे उभी राहून म्हणाली,
"आणि लिही, दगड काढण्याआधी
तेवढं जास्तीचं अक्षर काढा म्हणावं."